फोर्कलिफ्टचा सिलिंडर बदलण्याआधी

शिफ्ट संपायला पंधरा मिनिटं, डॉकवर ट्रक उभा, आणि नेमका तेव्हाच गॅस संपत आल्याचा दिवा लागतो. ट्रक थांबू द्या. आधी फोर्कलिफ्ट मोकळ्यावर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत डॉकच्या खड्ड्यात नाहीतर गटारात साचतो. म्हणून जागा निवडताना आधी पायाखाली बघा. जवळ वेल्डिंग, ग्राइंडर, बॅटरी चार्जिंग, विडी-सिगारेट काहीही नको. फोर्क जमिनीला टेकवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

यानंतरची पायरी मी प्रत्येक नव्या माणसाला स्वतः करून दाखवतो. इंजिन चालू असतानाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गाडी आपणहून बंद पडेपर्यंत थांबायचं. नळीतला गॅस त्यात जळून जातो. मग चावी बंद. तेवढा वेळ वाचवायला गेलं की कपलिंग, म्हणजे नळी सिलिंडरला जोडणारा सांधा, सोडताना नळीत उरलेला द्रव गॅस फस्सकन हातावर येतो. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो! आमच्या एका हेल्परने हातमोजे न घालता कपलिंग सोडलं. बोटांची टोकं आधी पांढरीफटक पडली, मग भाजल्यासारखे फोड आले. तेव्हापासून थंडी अडवणारे जाड हातमोजे आणि गॉगल असल्याशिवाय मी कुणाला नळीला हात लावू देत नाही.

भरलेला सिलिंडर वजनाला तीस किलोच्या आसपास असतो, तेव्हा उचलायला दोघं हवेत. तो फोर्कलिफ्टचाच असावा. घरगुती सिलिंडर जुगाड करून लावणं बेकायदा तर आहेच, शिवाय त्यातून गाडीला लागणाऱ्या द्रवाऐवजी वाफ येते. आडवा ठेवताना कड्यातलं भोक ब्रॅकेटच्या पिनेत नीट बसलं पाहिजे. ती पिन बसली की सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, वाफेच्या जागेत राहतो. उलटा बसला तर दाब वाढल्यावर त्यातून द्रव बाहेर पडेल, आणि द्रवाची वाफ होताना तो जवळपास अडीचशेपट फुगतो. मग पट्टे आवळा.

कपलिंगमधली ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) चिरलेली किंवा गायब आहे का, बोट फिरवून बघा. कपलिंग हातानेच घट्ट करा, पाना लावून नको. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला तर आतला जादा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बंद होतो आणि गाडी चालू होत नाही. तसं झालंच तर बंद करून पुन्हा सावकाश उघडा. सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला किंवा वास आला तर व्हॉल्व्ह बंद, चावीला हात नाही, माणसं लांब.

काढलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंदच ठेवा. रिकामा म्हटला तरी आत गॅस उरलेला असतो. तो बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यातच जायला हवा.