जुना मिक्सर जागा करताना आधी पॉवर सप्लाय

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲनालॉग मिक्सिंग कन्सोल (अनेक माइक-वाद्यांचे आवाज एकत्र मिसळणारा मिक्सर) हाती आला की लगेच स्विच दाबून बघावंसं वाटतं. तेवढा मोह आवराच. आधी सगळी चॅनेल मॉड्यूल्स (एकेका आवाजासाठीचे सुटे बोर्ड) सप्लायपासून सोडवा आणि फक्त पॉवर सप्लाय तपासा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर रसायन असलेले, चार्ज साठवणारे भाग) बहुधा आतून सुकलेले असतात. मोकळ्या सप्लायवर मीटर बरोबर व्होल्टेज दाखवतो, पण लोड आला की रिपल (डीसी व्होल्टेजमध्ये उरलेला चढउतार) वाढतो आणि आवाजात घुमणारा हम येतो. म्हणून डमी लोड (मॉड्यूल्सऐवजी करंट ओढणारा रेझिस्टर) लावूनच मोजा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय हात घालू नका.

नवे कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाला चालणारे घ्या, व्होल्टेज रेटिंग मूळच्याइतकं किंवा थोडं जास्त. जुने काढण्याआधी फोटो घ्या, कारण धन-ऋण उलटं लागलं तर नवा कपॅसिटर फुटतो.

मग एकाच चॅनेलचे कपॅसिटर पूर्ण बदला आणि शेजारच्या न बदललेल्या चॅनेलशी ऐकून ताडून पाहा. ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) बदलायची घाई मला पटत नाही. वेगवान नवा ऑपॅम्प जुन्या बोर्डावर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करू लागतो, हात लावला तर गरम लागतो. बदलायचाच असेल तर सप्लायच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडा आणि ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) खात्री करा. मूळ इनपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तर ते मात्र हलवू नका. कन्सोलच्या आवाजाचा स्वभाव बराचसा त्यांच्यातच असतो.