जपानी वाचताना शिफ्टवरचं बोट

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणते. मी शिकत होते तेव्हा अनोळखी कांजी (चिनी लिपीतून जपानीत आलेलं अक्षर) शोधायची म्हणजे आधी 214 मूळ घटकांपैकी तिच्यात कोणता आहे ते ओळखायचं, उरलेल्या रेघा मोजायच्या आणि मग कोशाची पानं उलटायची. एका शब्दापायी पाच-पाच मिनिटं जायची, तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असायची. आता ब्राउझरमध्ये शब्दावर कर्सर नेला की उच्चार आणि अर्थ समोर येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. पण ती नीट लावून घेतली नाही, तर जपानी वाचायचं राहून जातं आणि आपण नुसत्या अर्थाच्या चौकटी वाचत सुटतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी योमितान टाकून देते. हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि क्रोम, फायरफॉक्स, एज तिन्हींवर चालतं. 2023 मध्ये थांबलेल्या योमिचान या जुन्या एक्स्टेंशनचं काम हेच पुढे चालवतं. टाकल्या टाकल्या ते रिकामं असतं, कोश आपण भरायचे. सेटिंगमध्ये शिफारस केलेल्या कोशांची यादी मिळते, तिथून सुरुवातीला दोनच घ्या: शब्दांसाठी जिटेंडेक्स आणि कांजींसाठी कांजीडिक. जिटेंडेक्सच्या मुळाशी जेएमडिक्ट हा जपानी-इंग्रजी कोश आहे. जिम ब्रीन यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या शब्दयादीतून तो वाढत गेला. माणसांची आणि गावांची नावं अडायला लागली की जेएमनेडिक्ट जोडा. एकच कांजी कुणाच्या आडनावात ‘हिगाशी’ असते, तर कुणाच्या ‘आझुमा’.

शिफ्ट दाबल्याशिवाय अर्थ दिसू नये, ही मूळची सेटिंग मुळीच बदलू नका. टेनटेनसारख्या एक्स्टेंशनमध्ये कर्सर गेला की चौकट आपोआप उघडते. घाईच्या कामाला ते बरं, शिकणाऱ्याला नाही. आधी पूर्ण वाक्य वाचा, उच्चाराचा अंदाज मनात म्हणा आणि मगच शिफ्टवर बोट ठेवा. चुकलेला अंदाज दुरुस्त झाला की तो शब्द पक्का बसतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

कर्सर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर हवा. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे एक्स्टेंशन त्या अक्षरापासून पुढे जुळणारा सर्वांत लांब शब्द उचलतं. ‘कोकोदेहाकिमोनोओनुगु’ हे वाक्य निव्वळ हिरागानात, म्हणजे कांजी न वापरता उच्चाराच्या अक्षरांत, लिहिलेलं असलं तर ‘हा’ या अक्षरावर ‘हाकिमोनो’, म्हणजे पादत्राण, असं उत्तर येईल. एक अक्षर पुढे सरकलात तर ‘किमोनो’ येईल, कारण तेच ‘हा’ प्रत्यय म्हणून ‘वा’ असं वाचतात. इथे चपला काढायच्या की कपडे, ते मागचं-पुढचं वाचूनच ठरवायचं. कोश ते ठरवून देत नाही.

क्रियापदाच्या चौकटीत मात्र घाई करू नका. ‘ताबेसासेरारेता’वर कर्सर ठेवलात की मूळ ‘ताबेरु’ मिळतं आणि सोबत प्रयोजक, कर्मणी, भूतकाळ असे थरही दिसतात. ते थर वाचा. आणि इथेच आपली मराठी कामाला येते. अर्थ इंग्रजीत असतो. ‘शिमाउ’ जोडलेलं रूप आलं की तिथे ‘पूर्णपणे करणे’ अशा धर्तीचं काही लिहिलेलं असतं आणि मुलं गोंधळतात. मराठीत म्हणून पाहा: ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं, ‘वासुरेते शिमात्ता’ म्हणजे विसरून बसले. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे. टाकणे, बसणे, पाहणे, ठेवणे ही सहायक क्रियापदं आपल्या तोंडी लहानपणापासून आहेत. इंग्रजीचा वळसा घेऊन ती पुन्हा शिकायची गरजच काय?

म्हणून शब्द साठवताना मी एक जास्तीची पायरी घेते. अँकी हे उजळणीच्या कार्डांचं सॉफ्टवेअर आणि त्याला योमितानशी जोडणारं अँकीकनेक्ट टाकलं की चौकटीतल्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून कार्ड तयार होतं. त्यात शब्द, उच्चार आणि ज्यात तो भेटला ते वाक्य, एवढं आपोआप भरू द्या. अर्थाची जागा रिकामी ठेवा आणि तिथे मराठी स्वतः लिहा. एका बैठकीत पाचच कार्डं करा, चाळीस करून ठेवलीत तर उजळणीच होत नाही.

वाचायला आओझोरा बुनको हे जपानी ऑनलाइन ग्रंथालय उघडा. स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य 1997 पासून तिथे मोफत मिळतं. यादीत ‘शिंजी-शिनकाना’ म्हणजे नवी कांजी आणि नवं कानालेखन (हिरागानासारख्या उच्चाराच्या अक्षरांचं लेखन) असलेली आवृत्ती निवडा. जुन्या लेखनातली कितीतरी रूपं एक्स्टेंशनला ओळखता येत नाहीत. चित्रात छापलेला मजकूरही त्याला दिसत नाही. फोनवर वाचणार असाल तर अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये योमितान चालतं, पण तिथे शिफ्ट नसतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने कळफलकासमोर बसूनच वाचा.