सिग्नलला बंद पडणारी मामाची पिकअप आणि एक चुकलेली नळी

मामाकडे सत्तरच्या दशकातली अमेरिकन पिकअप आहे, 350 घनइंच म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन, आणि ती सायनच्या सिग्नलला हमखास बंद पडायची, पळताना मात्र एकदम मक्खन. आधीच्या मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा खोलला, फरक शून्य.

मी व्हॅक्युम गेज, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ मोजणारं मीटर, लावलं तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) काटा 13 इंचावर (पाऱ्याचे इंच), तोही थरथरत. निरोगी इंजिनाला साधारण 17 ते 21 हवेत. मग बॉनेटखालचा पिवळा पडलेला स्टिकर ओल्या फडक्याने पुसला, त्यावर व्हॅक्युमच्या सगळ्या नळ्यांचा नकाशा असतो, कोणी बघतच नाही!

ईजीआरची, म्हणजे थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्वची, नळी कोणीतरी थेट मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) जोडलेली, तिथे आयडललाही जोरदार ओढ असते. म्हणजे आयडललाच व्हॉल्व उघडा आणि जळका धूर परत सिलिंडरमध्ये, मग इंजिन गुदमरणार नाही तर काय. ती थ्रॉटल प्लेटच्या (कार्बोरेटरमधली हवेची झडप) वरच्या पोर्टला हवी, तिथे आयडलला ओढ जवळपास नसतेच, आणि मध्ये टेंपरेचर स्विच, इंजिन तापेपर्यंत ईजीआर बंद ठेवायला. आमच्याकडे त्या स्विचच्या तोंडात चक्क स्क्रू कोंबलेला.

बाकी नळ्या नखाने दाबल्या तर चिरा पडत होत्या म्हणून कुर्ल्याहून मीटरवर नवीन आणल्या. पीसीव्ही, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू परत आत ओढून घेणारा व्हॉल्व, हलवला, खडखड वाजला म्हणजे ठीक, तोच परत बसवला. काटा आता 18 वर स्थिर. मामा म्हणतो ईजीआर काढूनच टाक, मी म्हटलं अजिबात नाही, आधी पीयूसी करून ये.