सातबारा, माती अहवाल आणि काट्याच्या पावत्या: शेतीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरण्याआधी

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऊसवाल्याकडे माहितीची वाण नसते. सातबारा कपाटात असतो, माती परीक्षणाचा अहवाल मोबाईलच्या गॅलरीत कुठंतरी, आणि कारखान्याच्या काट्याच्या पावत्या रबर लावून देवाच्या फोटोमागं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसात एआयचा प्रयोग सुरू केल्यापासून इकडंही ॲपवाल्यांची ये-जा वाढली आहे. मी मातीचे नमुने घेते आणि शेताचे नकाशे करून देते, त्यामुळं "ॲप घेतलंय ताई, आता सगळं भरून द्या" हे वाक्य मला ओळखीचं आहे.

भरणं अर्ध्या तासाचं आहे. खरं काम त्याआधी वही आणि एक्सेलमध्ये होतं, आणि त्यातलं पहिलं म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकच ओळख देणं.

शेतकऱ्याच्या तोंडात तुकड्यांची नावं असतात: विहिरीचा, माळाचा, ओढ्याकडचा. प्रयोगशाळेच्या अहवालावर गट क्रमांक असतो. कारखान्याच्या पावतीवर सभासदाचा नंबर. या तीन कागदांना जोडणारं सॉफ्टवेअरकडं काहीच नसतं. म्हणून मी प्रत्येक तुकड्याला इंग्रजी अक्षर-अंकांचा छोटा संकेत देते: गट १२/३ मधला विहिरीकडचा तुकडा म्हणजे जी१२_३_ए (फाइलीत G12_3_A). मधे खालची रेघ. हा संकेत सीमेच्या फाइलीत, मातीच्या तक्त्यात आणि टनेजच्या तक्त्यात अक्षरशः तसाच हवा, पुढंमागं एक मोकळी जागासुद्धा नको. नुसतं १२/३ लिहिलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. बारा हिस्सा तीनचा बारा मार्च होतो आणि तो नंतर सहजी परत येत नाही. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवला तर वाचतो, पण अक्षरानं सुरू होणारा संकेत सगळ्यांत बिनघोर.

तुकडा म्हणजे गट नव्हे, हेही इथंच ठरवा. एका गटात निम्म्यात आडसाली (दीड वर्षानं तुटणारी लावण) आणि निम्म्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) असेल तर ते दोन तुकडे. उलट दोन गटांचा बांध मोडून एकच सरी ओढली असेल तर एक तुकडा. सॉफ्टवेअरला मालकी कळायची गरज नाही. एका पिकाला, एका पाण्यावर, एका तारखेला लावलेलं रान कुठपर्यंत आहे, तेवढं कळलं की पुरे.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र उतरवताना हेक्टर आणि आर सांभाळा. '० हेक्टर ८ आर' हे ०.८ लिहिलं तर आठ गुंठ्यांचे दोन एकर होतात, ते ०.०८ आहे. शिवाय पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), विहीर, पाणंद, गोठा हे धरून आलेलं क्षेत्र उसाखालचं नसतं. माझ्या तक्त्यात सातबाऱ्याचं क्षेत्र एका रकान्यात आणि नकाशावर मोजलेलं दुसऱ्या रकान्यात असतं. हिशेबाला दुसरं घ्यायचं.

सीमा

मोबाईल हातात धरून बांधावरून फेरी मारणं सगळ्यांना आवडतं. पण मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, आणि डोक्याच्या वर गेलेल्या उसात त्याहून जास्त. मोठ्या रानात हे खपून जातं. आपल्याकडं वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण ४५ मीटर बाजू. चारी बाजूंनी मीटरभर आतून चाललात तर वीसाचे अठरा गुंठे होतात. म्हणून मी उपग्रहाच्या चित्रावर बांध बघून सीमा आखते आणि रानात जाऊन एक-दोन कोपरे टेपनं पडताळते. कापणीनंतरच्या उघड्या रानाचं चित्र मिळालं तर बांध स्वच्छ दिसतो.

यासाठी क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. आखलेली सीमा ॲपला देताना अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये (हा नकाशाच्या पद्धतीचा क्रमांक), केएमएल किंवा जिओजेसन प्रकारची फाइल करून द्यायची. क्षेत्र काढायला मात्र तीच सीमा मीटरच्या पद्धतीत न्यावी लागते. सांगली, कोल्हापूर, पुणे, जवळपास सगळा मराठवाडा, ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा सगळा भाग ईपीएसजी ३२६४३ मध्ये बसतो. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया ३२६४४ मध्ये. अंशांतच क्षेत्र काढायला गेलात तर शून्याच्या पुढं पाच-सहा शून्यं असलेला आकडा येतो आणि माणूस घाबरतो. शेपफाइल मागितली तर एकटी फाइल धाडू नका. तिच्यासोबतच्या बाकीच्या फाइलींशिवाय ती नीट उघडत नाही, सगळ्या एकत्र झिप करा. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं, पुढचं छाटलं जातं.

कोपऱ्यांचे बिंदू हातानं भरणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. आमचं इस्लामपूर (आता ईश्वरपूर) १७.०५ उत्तर, ७४.२६ पूर्व. उलटं भरलंत तर तुमचा ऊस नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उगवतो. हे लगेच दिसतं, म्हणून त्याची भीती नाही. दुसरं लपून राहतं. १७ अंश ३ मिनिटं २० सेकंद हे १७.०३२० नव्हे, १७.०५५६ आहे, आणि या दोन आकड्यांत अडीच किलोमीटरहून जास्त अंतर आहे. नकाशावर बिंदू कुठल्यातरी उसातच पडतो, फक्त तो पाव्हण्याचा असतो. दशांशानंतर किमान सहा अंक ठेवा. चारच ठेवले तर चूक अकरा मीटरपर्यंत जाते, म्हणजे गुंठ्याच्या एका बाजूएवढी.

माती

मृद आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. आकडे उतरवणं सोपं आहे. त्यांची एककं ॲपच्या एककांशी जुळवण्यात वेळ जातो, आणि तो द्यावाच.

आपल्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश बहुधा किलो प्रति हेक्टर असतं. परदेशी सॉफ्टवेअर पीपीएम (दहा लाखांत किती भाग) मागतं. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी पीपीएमला २.२४ नं गुणलं की किलो प्रति हेक्टर येतं, उलट जायला भागायचं. मग पालाश हा 'के' (नुसतं मूलद्रव्य) म्हणून दिलाय की 'के-टू-ओ' (त्याचं ऑक्साइड) म्हणून, ते अहवालाच्या कडेला बारीक अक्षरात बघा. के-टू-ओ ४०० असेल तर के ३३३ (१.२ नं भागा). स्फुरदाला हाच भागाकार २.२९ चा. सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कर्बाला १.७२४ नं गुणलं की पदार्थ. ०.६ टक्के कर्ब सरळ पदार्थाच्या रकान्यात टाकलात तर तुमची काळी जमीन ॲपला उजाड वाटते आणि ते शेणखताचा सल्ला देत सुटतं. सल्ला वाईट नाही म्हणा.

क्षारतेवर मात्र थांबा, विशेषतः कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून क्षारता मोजतात. पुस्तकातली '४ डेसिसिमेन्सच्या वर म्हणजे क्षारयुक्त' ही रेघ संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे. त्याच मातीचा आपल्या पद्धतीचा आकडा कितीतरी कमी येतो, कारण पाणी जास्त घातलेलं असतं. ॲपनं संपृक्त अर्क गृहीत धरला आणि तुम्ही १.३ भरलंत, तर पांढरा थर आलेलं रान नकाशावर हिरवंगार दिसणार. पद्धत निवडायची सोय असेल तर निवडा. नसेल तर तो रकाना मोकळा सोडून शेऱ्यात लिहा. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

रिकामी जागा आणि शून्य यांतही फरक आहे. 'आढळले नाही' किंवा नुसती आडवी रेघ असेल तिथं शून्य टाइप करू नका. जस्त शून्य वाचून ॲप एकरी पोतं भरून झिंक सल्फेट सांगेल.

आता नमुन्याची जागा. आपण शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतो, माती एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे टाकत अर्धा किलो उरवतो. हा नमुना आख्ख्या तुकड्याचा असतो, एका बिंदूचा नसतो. तरी लोक त्याला शेताच्या मधला एक बिंदू देतात, असे चार-पाच शेजारी तुकड्यांचे बिंदू जोडतात आणि सॉफ्टवेअर मधल्या जागा रंगवून देतं. नकाशा सुंदर येतो, चौकटीत लावावा असा, आणि त्यातले मधले रंग कुणी मोजलेले नसतात. मिश्र नमुना तुकड्याच्या संकेतानंच जोडा. तुकड्यातला फरक हवा असेल तर आधीच पाटाकडचा, मधला आणि ओढ्याकडचा असे भाग पाडून वेगळे नमुने घ्या. खोलीही लिहा.

टनेज

गहू-सोयाबीनच्या मोठ्या कंबाइनवर उत्पादन मोजणारा यंत्रभाग असतो, पण भाड्यानं येणाऱ्या यंत्रावर तो क्वचितच. असलाच तर त्यातून निघणारं, बहुधा 'टास्कडेटा' नावाचं, फोल्डर न उघडता झिप करून चढवायचं, आणि वळणावरचे व प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचे बिंदू नंतर गाळायचे. धान्य आत शिरून मोजलं जाईपर्यंत यंत्र पुढं गेलेलं असतं.

उसाला आपल्याकडं कारखान्याचा काटा आहे. टन-किलोपर्यंत आकडा मिळतो. अडचण अशी की पावतीवर सभासद असतो, तुकडा नसतो. तीन तुकडे एका हंगामात तुटले की गठ्ठ्यातनं कुठली खेप कुठली ते नंतर देवालाही सांगता येत नाही. उपाय साधा आहे: गाडी भरताना पावतीच्या पाठीमागं पेनानं तुकड्याचा संकेत आणि कितव्या सरीपासून कितव्या सरीपर्यंत तोडलं ते लिहायचं. टोळीच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगितलं तर तो शेवटची खेप दोन तुकड्यांत मिसळू देत नाही. मिसळलीच तर ती कुठल्याही एका तुकड्याच्या नावावर चढवू नका, सऱ्यांच्या प्रमाणात वाटा आणि शेऱ्यात 'वाटलेली' असं लिहा.

मग भागाकार. आमच्या एका तात्यांच्या वीस गुंठ्यांत २२.३५० टन निघाले. वीसनं हिशेब केला तर एकरी ४४.७ टन, आणि आतून चालून आखलेल्या अठरा गुंठे काहीच्या सीमेनं एकरी ४९ च्या आसपास. तात्या म्हणाले, "काट्यावर टन बदलंना, मग तुझ्या मोबाईलात कसं वाढलं गं?" टन तेवढेच होते, सीमा आत सरकली होती. ॲप हेक्टरी मागत असेल तर एकरी आकड्याला २.४७१ नं गुणा. ४४.७ चे ११०.५ होतात. न गुणता भरलंत तर तुमचं पीक निम्म्याहून खाली दिसतं.

आडसालीचा आणखी एक घोळ. जुलै २०२३ ची लावण डिसेंबर २०२४ मध्ये तुटते, आणि बरीच ॲप एका वर्षात एक पीक धरतात. हंगामाचं नाव गाळप हंगामावरून द्या, लावणीची आणि तोडणीची तारीख वेगळी भरा. खोडव्याला नवं पीक म्हणून नोंदवा आणि सुरुवातीची तारीख म्हणजे आधीच्या तोडणीची तारीख. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा. ०५/०८ हा पाच ऑगस्ट की आठ मे, हे संगणक त्याच्या मर्जीनं ठरवतो.

चढवताना

तक्ता 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच जतन करा, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला. आकडे इंग्रजी अंकांत हवेत (या लेखात मी मराठी अंक वापरलेत, फाइलीत तसं करू नका). एका चौकटीत एकच आकडा, 'किलो', 'टन' हे शब्द रकान्याच्या नावात. आधी एकच तुकडा चढवा, ॲपमध्ये उघडून त्याचं क्षेत्र, पालाश आणि टनेज कागदाशी ताडून बघा, मगच बाकीचे.

चढवलेल्या फाइलींच्या मूळ प्रती, हात न लावलेल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या. सातबाऱ्यावरची इतर खातेदारांची नावं आणि फोन नंबर ॲपला लागत नाहीत, ते काढून टाका. आणि वर्षाची वर्गणी भरण्याआधी कंपनीच्या माणसाला एक विचारा: हीच माहिती परत सीएसव्ही आणि केएमएलमध्ये बाहेर काढता येते का, आणि वर्गणी संपल्यावरही येते का. त्यानं समोर बसून काढून दाखवली तरच पैसे द्या.