ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये अडकली? या चुका टाळा

बॅटरी उतरली की ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर 'पी'मधून (पार्क, म्हणजे गाडी उभी करतानाची स्थिती) हलत नाही. पुण्यात हे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये होऊ शकतं, नाहीतर कात्रज घाटासारख्या चढावर. घाईघाईने केलेल्या चुका तिथेच महागात पडतात.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे गाडी न अडवता लिव्हरचं लॉक सोडवणं. 'पी'मध्ये गिअरबॉक्समधला एक छोटा खटका दातेरी चाकात अडकतो आणि फक्त इंजिनाला जोडलेली चाकं रोखतो. उतारावर गाडीचा सारा भार त्या खटक्यावर असतो. तो निसटताच गाडी सुटते. म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि उताराच्या बाजूने दोन्ही चाकांना विटा किंवा मोठे दगड लावा. मगच लिव्हरला हात लावा. गाडीच्या खालच्या अंगाला कोणीही उभं राहू नये, मदतीला आलेला वॉचमनसुद्धा नाही.

दुसरी चूक, लिव्हर जोर लावून ओढणं. लॉक उघडायला इग्निशन ऑन आणि ब्रेक दाबलेला असावा लागतो. पाय ब्रेकवर ठेवून मागचे ब्रेक लाइट कोणाला तरी बघायला सांगा. हॉर्न, दिवे सगळंच मेलेलं असेल तर बॅटरी गेली. बाकी सगळं चालू आणि फक्त ब्रेक लाइट बंद, तर ब्रेक स्विच किंवा फ्यूज तपासा. लाइट लागतात, लिव्हरपाशी 'टक्' आवाजही येतो, तरी लिव्हर घट्टच असेल तर खटक्यावर भार आहे. अशा वेळी खालून ढकलू नका. टो गाडीच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) गाडी चढाच्या दिशेने किंचित ओढून घ्या, खटका मोकळा होतो.

बॅटरीच गेली असेल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. टोकाला कापड गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरने ते उचला, आतली कळ चावीने दाबून धरा, ब्रेक दाबा आणि लिव्हर 'एन'वर (न्यूट्रल) आणा. बटणाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक गिअरच्या गाडीत ही सोय नसू शकते. मॅन्युअल बघा, नाहीतर आधी जंप स्टार्ट द्या, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करा. एएमटी गाड्यांत (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण गिअर आपोआप बदलतात) सहसा 'पी' नसतोच. त्या बंद करताना गिअरमध्येच ठेवतात, म्हणून तिथे झाकण शोधत बसू नका.

'एन' मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन दाबांतच कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं. चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉकही बसेल. सपाटीवर चार-पाच मीटर सरकवणं ठीक, पण बेसमेंटच्या रॅम्पवरून गाडी हाताने उतरवू नका.

इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून दोरीने लांब ओढणंही टाळा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, आणि फोनवरच सांगा: गाडी ऑटोमॅटिक आहे, बेसमेंटची उंची इतकी आहे.