लिंबू, मध, दालचिनी: घरच्या घरी केस उजळवताना या चुका टाळा

माझ्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, तीन तपकिरी ओघळ उमटले होते. वर बारीक, खाली उतरता उतरता जाड होत गेलेले आणि टोकाशी चक्क थेंबाचा आकार. मावशीनं पाहिलं आणि म्हणाली, "काय गं, तेल उडालं का?" तेल नव्हतं. तीन-चार दिवस आधी केसांवर लिंबाचा रस फवारून मी उन्हात बसले होते. रस मानेवरून जिथून जिथून वाहिला तिथली त्वचा दुसऱ्या दिवशी लाल झाली, मग चुरचुरायला लागली आणि नंतर काळवंडली. केस किती उजळले म्हणाल, तर ते कळायला बट उन्हात धरावी लागत होती. मानेवरचे ओघळ मात्र लांबूनही दिसायचे. ते जायला अडीच महिने लागले.

तेव्हापासून या विषयावर कुणी काही विचारलं की मी आधी चुका सांगते, कृती मागाहून.

पहिली चूक: काळ्या केसांकडून सोनेरीची अपेक्षा

बाकीच्या बहुतेक चुका या एकीच्या पोटातून येतात, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

केसाचा रंग त्याच्या आतल्या थरात असतो. बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले पारदर्शक खवले आणि आत मेलॅनिन. मेलॅनिन दोन जातींचं असतं. यूमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. काळ्या केसात पहिल्याचा भरणा असतो. रंग उडायला लागला की काळं आधी ढिलं पडतं आणि इतका वेळ त्याच्या मागे दडलेली तांबूस छटा वर येते. म्हणजे काळ्या केसाचा प्रवास काळा, गडद तपकिरी, लालसर, नारिंगी, पिवळा असा होतो. सोनेरी रंग या रस्त्याच्या पार शेवटी आहे. स्वयंपाकघरातली सामग्री पहिल्या एक-दोन थांब्यांपर्यंत नेते आणि तिथंच थांबते.

मूळचे केस फिकट तपकिरी किंवा पिंगट असतील तर फरक नजरेत भरतो. काळ्याभोर केसांवर उन्हात चमकणारी तांबूस झाक मिळाली तरी पुष्कळ झालं म्हणायचं. हे आधी मान्य केलं नाही की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबू पिळतो, तिसऱ्या दिवशी त्यात सोडा घालतो आणि आठवड्यानं हातात काथ्या येतो.

आणखी एक गोष्ट. केसाचा डोक्याबाहेर आलेला भाग निर्जीव असतो. त्यातून गेलेलं मेलॅनिन परत येत नाही, खरवडले गेलेले खवले भरून निघत नाहीत. नवे केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर या चालीनं मूळच्याच रंगात उगवतात. म्हणजे दोन-तीन महिन्यांत मुळाशी काळी पट्टी दिसणार, हे धरूनच चालायचं.

लिंबू: किती, कुठे आणि कुणाच्या अंगावर

लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी. पण नुसत्या आम्लानं केस उजळत नाहीत, खरं काम ऊन करतं. सोळाव्या शतकात व्हेनिसमधल्या बायका केस उजळवायला घराच्या छपरावरच्या लाकडी सज्ज्यात तासन्‌तास बसायच्या. डोक्यावर टोपी असायची, पण तिला वरचा भाग नसायचा, नुसती रुंद कड. केस त्या भोकातून वर काढून कडेवर पसरायचे आणि चेहरा सावलीत. त्या बायकांना एक गोष्ट कळली होती जी मला कळली नव्हती: ऊन केसांना द्यायचं, कातडीला नाही.

कारण लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना सूर्याचे अतिनील किरण पडले की भाजल्यासारखी जखम होते. लगेच काहीच जाणवत नाही, हीच तर यातली मेख. लाली साधारण एक दिवसानं येते, दोन-तीन दिवसांनी जोर धरते, कधी फोडही येतात आणि मागे राहिलेला काळपट डाग काही आठवडे ते काही महिने टिकतो. आपण मग डागाचा दोष दुसऱ्याच कशाला तरी देत बसतो.

त्यातही लिंबू आणि लिंबू यांत फरक आहे. केसांच्या बहुतेक पाककृतींत लेमन सांगितलेलं असतं, म्हणजे जाड सालीचं, मोठं, पिवळं फळ. आपण सहज हाताशी घेतो ते पातळ सालीचं, छोटं, रसाळ लिंबू बहुतेक वेळा लाइम असतं आणि त्यात ही द्रव्यं जास्त असतात. म्हणून:

रस गाळून घ्या, नाहीतर चोथा केसांत अडकतो आणि फवारणीची बाटली तुंबते. एक भाग रसाला दोन भाग पाणी. मुळांपासून दोन बोटं सोडून खालीच फवारा, टाळूवर नको. केस ओले गच्च नकोत, दमट पुरेत, म्हणजे ओघळ येत नाहीत. खांदे, मान आणि कान जुन्या सुती कापडानं झाका. हात साबणानं धुऊन मगच उन्हात जा. बोटांच्या बेचक्यांत राहिलेला रससुद्धा डाग पाडतो. अर्धा तास, फार तर पाऊण तास, मग केस स्वच्छ धुऊन कंडिशनर. आठवड्यातून एकदा, तेही तीन-चार वेळाच. तेवढ्यात फरक दिसला नाही तर पाचव्या वेळीही दिसणार नाही.

ऊन नाही म्हणून काहीजणी लिंबू लावून हेअर ड्रायर फिरवतात. ड्रायरमध्ये उष्णता असते, सूर्याचा प्रकाश नसतो. केस उजळायचे राहतात बाजूला, फक्त वाळतात.

मधाला गरम करणं

मध लावण्यामागचं कारण खरं आहे, पण ते माहीत नसल्यानं बहुतेकजणी नेमकं तेच मारून टाकतात.

मधमाश्या मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एंझाइम मिसळतात. ते साखरेपासून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, म्हणजे केसांचा रंग उडवणाऱ्या रसायनाचाच अगदी सौम्य अवतार. पण घट्ट मधात पाणी इतकं कमी असतं की हे एंझाइम झोपलेलं असतं. पाणी मिसळलं की जागं होतं. म्हणून बरणीतला मध तसाच थापण्यात अर्थ नाही. आणि चिकट आहे, पसरत नाही, म्हणून गरम पाण्यात विरघळवला तर एंझाइम जागं होण्याआधीच मरतं. कारखान्यात तापवून बाटलीत भरलेल्या मधात ते आधीच बरंचसं गेलेलं असतं.

म्हणजे कच्चा मध, साधं गार पाणी, काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा. लोखंड-तांब्याचं भांडं नको, कारण त्या धातूंच्या संपर्कात पेरॉक्साइड लवकर विघटित होतं. मधात लिंबू पिळायची पद्धत फार लोकप्रिय आहे, पण इतक्या आम्लात ते एंझाइम मंदावतं. लिंबू आणि मध वेगवेगळ्या दिवशी वापरलेलं बरं.

आता अपेक्षेचं. पातळ केलेल्या मधात तयार होणारं पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातल्या ३ टक्क्यांच्या बाटलीपेक्षा शेकडो पटींनी कमी असतं. मधानं केस मऊ लागतात, हा त्याचा खरा फायदा. उजळणं जाणवलंच तर अगदी किंचित. रात्रभर डोक्याला प्लास्टिक बांधून झोपल्यानं ते वाढत नाही. वाढतात त्या उशीवरच्या मुंग्या.

दालचिनी, सोडा आणि बाकीची मंडळी

दालचिनीची पूड मधात कालवून टाळूवर चोळू नका. तिच्यातलं सिनामाल्डिहाइड जिभेला झोंबतं तसंच कातडीलाही झोंबतं, आणि अनेकांना त्याची ॲलर्जी असते. शिवाय घरी कुटलेली पूड भरड राहते, ती केसांवर सँडपेपरसारखी घासते. तिनं केस उजळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

खाण्याच्या सोड्याचं पाणी अल्कधर्मी, पीएच ८च्या पुढे. केसांना सौम्य आम्ल मानवतं. सोड्यानं खवले उघडतात, केस फुगतात, गुंततात, राठ होतात. सोड्यात लिंबू किंवा व्हिनेगर घातलं की फसफसतं आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. फसफसणं म्हणजे दोघांनी एकमेकांना निकामी करणं. उरतात ते क्षार आणि पाणी, आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.

कॅमोमाइलच्या फुलांचा काढा आणि रेवंदचिनी या दोघांबद्दल गैरसमज असा की ते रंग काढतात. प्रत्यक्षात ते पिवळसर रंग चढवतात. पिंगट केसांवर तो सोनेरी भासतो, काळ्यावर दिसतच नाही. पांढऱ्या केसांवर मात्र नको इतका दिसतो. हळदीचंही तेच. शेवंती, झेंडू किंवा सूर्यफुलानं शिंका-खाज येणाऱ्यांनी कॅमोमाइलपासून लांब राहावं, ही सगळी एकाच कुळातली.

मेंदीनं केस उजळत नाहीत. तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटून वर तांबूस थर देतं, आतलं काळं तसंच राहतं. उन्हात लालसर दिसतं म्हणून उजळल्यासारखं वाटतं इतकंच. उजळपणा हवा असताना मेंदी लोखंडी कढईत भिजवणं किंवा तिच्यात आवळा, चहा-कॉफी घालणं ही तर उलटी गंगा, कारण या सगळ्यानं रंग गडद होतो.

"थोडंसं पेरॉक्साइड"

बऱ्याच घरगुती कृतींच्या शेवटी ही ओळ हळूच येते. तिथून पुढे कृती वनस्पतींची राहत नाही, तो ब्लीच झाला. एरवी तो काही गुन्हा नाही, पार्लरमध्ये ३, ६, ९, १२ टक्क्यांची द्रावणं वापरतातच. पण केसांना आधी पुडीतली तयार मेंदी किंवा काळा रंग लावलेला असेल तर थांबा. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, कधी वाफही निघते आणि बट हातात येते. अशा वेळी जाणकाराकडेच जायचं आणि गेल्या दोन वर्षांत काय काय लावलं ते न लाजता सांगायचं. खांद्याखाली येणाऱ्या केसांच्या टोकांत तेवढा इतिहास सहज असतो.

एक बट आधी

काहीही लावण्यापूर्वी दोन छोट्या चाचण्या. कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा ठिपका लावून ४८ तास वाट पाहायची. लिंबाचा ठिपका मात्र उन्हात न्यायचा नाही. आणि मानेजवळची, वरच्या केसांखाली लपणारी एक बारीक बट वेगळी काढून तिच्यावर सगळी कृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहायची. मी तशी बट आता कापून वहीत चिकटवते, शेजारी न लावलेली बट आणि खाली तारीख. आरशात रोज पाहून फरक कळत नाही, वहीत लगेच कळतो. माझ्या वहीतल्या चार जोड्यांपैकी तीन सारख्याच दिसतात.

बिघडलंच असेल तर

केस नारिंगी झाले: आणखी लिंबू लावू नका, नारिंगी अजून भडकेल. निळ्या रंगद्रव्याचा शाम्पू नारिंगीवर चालतो, जांभळा पिवळेपणावर. या दोघांना स्वयंपाकघरात पर्याय नाही.

टोकं फिकट, वरचे केस काळेच: टोकं जुनी आणि सच्छिद्र असतात, ती आधी रंग सोडतात. पुढच्या वेळी टोकांना शेवटी लावा. पट्टे पडले असतील तर ते घरी जुळवत बसू नका, जुळत नाहीत.

केस राठ, फाटे फुटलेले: आम्ल आणि ऊन दोन्ही बंद. धुण्याआधी खोबरेल तेल लावा. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाच्या तेलानं हे तितकं साधत नाही. फाटे मात्र तेलानं सांधत नाहीत, ते कापायचे.

टाळू चुरचुरतेय: वेळ पुरा होण्याची वाट पाहू नका, भरपूर साध्या पाण्यानं लगेच धुवा. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यावर टूथपेस्ट वगैरे प्रयोग नकोत. टाळूवर आधीच पुळ्या किंवा ओरखडे असतील तर मुळात सुरुवातच करायची नाही, आणि लहान मुलांच्या केसांवर तर यातलं काहीच नाही.

उरलेलं मिश्रण: यात टिकवणारं काही नसतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, मग ओतून द्या. माझ्या बाटलीतला कॅमोमाइलचा काढा सातव्या दिवशी ताकासारखा आंबला होता, आणि तो वास दोनदा शाम्पू करूनही केसांतून गेला नव्हता.