‘दुसरी पार्टी आहे’ हे ग्राहकाला सांगण्याआधी

‘अजून एक पार्टी आहे, आज टोकन दिलंत तर फ्लॅट धरून ठेवतो.’ पुण्यात रिसेलचा फ्लॅट शोधणाऱ्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की खरोखर दुसरी पार्टी असली तरी त्यांना ती थापच वाटते. म्हणून ग्राहकाला फोन लावण्याआधी एजंटने थोडी तयारी करावी.

सुरुवात मालकापासून. दुसरीकडून नेमकं काय आलंय? ‘आवडला, घरी विचारून सांगतो’ म्हणून गेलेलं कुटुंब ही ऑफर नव्हे. आकडा, पैसे कसे देणार, ताबा कधी हवा, एवढं लेखी आलं असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, तरच ‘ऑफर’ हा शब्द वापरा. नाहीतर ‘दोघे बघून गेलेत, आकडा कुणी दिलेला नाही’ असं सरळ सांगा. समोरच्याचा आकडा सांगायचा की नाही, हेही मालकालाच ठरवू द्या. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, दोघांची नावं असतील तर दोघांनाही विचारा. सांगायचा ठरला तर दोन्ही ग्राहकांना सांगा, आणि तसं होणार हे त्यांना ऑफर देण्याआधी माहीत हवं. एकाचा आकडा गुपचूप दुसऱ्याच्या कानात घालणं मला अजिबात मान्य नाही. दुसरा ग्राहकही तुमचाच असेल किंवा दलाली दोन्हीकडून मिळणार असेल, तर तेही मालकाशी याच बोलण्यात सांगून टाका.

मग ग्राहकाचा हिशेब कागदावर मांडून ठेवा. सर्वात जास्त वेळ इथे द्या, कारण चुरशीच्या भरात माणूस दोन-तीन लाख सहज बोलून जातो. समजा 80 लाखांचा फ्लॅट आहे. या किमतीला बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 64 लाख देईल. उरलेले 16 लाख स्वतःचे. पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर 5 लाख 60 हजार, नोंदणीचे 30 हजार. म्हणजे जवळपास 22 लाख हाताशी हवेत, दलाली आणि सोसायटीचा ट्रान्सफरचा खर्च वेगळाच. खरेदी फक्त बाईच्या नावाने होत असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही विचारून घ्या. आता त्याने ऑफर 83 लाखांवर नेली आणि बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये फ्लॅट 80 चाच निघाला, तर वरचे तीन लाख पूर्ण त्याच्या खिशातून जातील, शिवाय 21 हजार शुल्क वाढेल. हा आकडा त्याला आकडा वाढवण्याआधी दिसला पाहिजे. दलाली किमतीवर ठरत असल्यामुळे आपल्याला तो वाढवायला लावायचा मोह होतो. म्हणूनच हा कागद आधी करून ठेवायचा.

किंमत वाढवण्यापलीकडे काय करता येईल, तेही तयार ठेवा. मालकाला मुलांची परीक्षा होईपर्यंत राहायचं असेल तर ताब्याची तारीख पुढे ढकलणारा ग्राहक त्याला दोन लाखांपेक्षा जवळचा वाटू शकतो. मालकाचंच कर्ज बाकी असेल तर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) बरोबर बँकेचं थकबाकीचं पत्र दोन्ही ग्राहकांना दाखवा. ग्राहकाकडे सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, असेल तर ते ऑफरसोबतच जोडा.

मुदत दोघांना एकच द्या, उदाहरणार्थ शनिवारी संध्याकाळी सहा. सहानंतर आलेला आकडा घ्यायचा नाही. मालकाला तो घ्यायचाच असेल तर दुसऱ्यालाही पुन्हा संधी द्यायची.

टोकन पावतीचा मसुदा आधीच पाठवा म्हणजे ग्राहकाला घरी वकिलाला दाखवता येईल. कर्ज नामंजूर झालं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत, ही ओळ त्यात हवीच. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, त्यामुळे टोकन चेकने किंवा ऑनलाइन. 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात मालकाला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, ग्राहकाने कापायचा असतो, हेही सांगून ठेवा.

शेवटी, ज्याला फ्लॅट मिळणार नाही त्याला फोन कोण करणार ते ठरवा, आणि तो त्याच संध्याकाळी करा. ज्याला फ्लॅट मिळाला त्याचं कर्ज अडलं तर कळवायचं का, एवढं विचारा. पण तोवर त्याचा चेक आपल्याकडे ठेवू नका.